शेऱ्याचा रकाना

तारीख. वेळ. भरती की सुकती.
ठिकाण नंबर. विष्ठा ताजी की जुनी. तिच्यात काय दिसलं.
आणि सगळ्यात शेवटी, बोटभर रुंद: शेरा.

शर्वाणी मॅडमनी शिकवलं तसं भरते.
त्या गुडघ्यांवर बसून आधी वास घेतात,
म्हणतात, सत्यवतीताई, ही आजची.
मी म्हणते, पहाटेची. दव पडायच्या आधीची.
त्या लिहून घेतात. तेव्हा मला बरं वाटतं.

हुदाची वाट मला पाटी-पेन्सिलीच्या आधीपासून माहीत.
उघाडीच्या डाव्या अंगाला
चिप्पीची मुळं जिथे मातीच्या बांधात घुसलीत,
तिथे बीळ. भरतीला बुडतं, सुकतीला तोंड उघडं टाकतं.
वर एक सपाट चिरा. त्यावर त्यांची घाण:
शेवट्याची खवलं, कुर्लीच्या नांगीचे तांबूस तुकडे,
कधी कोळंबीची मिशी.
आमच्याच कालवणाचं उष्टं.

पाच होते. थंडीत आठ झाले.
रापणीला माणसं लागावीत तसे अर्धगोल धरून यायचे
मासळी काठाकडे रेटत,
आणि फाटक्या कानाची एक, कायम कडेला,
मान वर काढून माझ्याकडे बघायची,
जणू मीच तिच्या यादीत आहे.

गुणाजी जाळं अंगणात पसरून बसतो.
"हुदान चार हजाराचां जाळां फाडल्यान,
आणि तू त्येंचो गू मोजतंस, हजेरीवर!"
खरं आहे.
बुधवारी मोजते, गुरुवारी सुई घेऊन त्याच्या शेजारी बसते.
ह्याला रकाना नाही.

बांधाच्या अर्जावर माझी सही आहे. तिसरी.
सलग तीन वर्षं खारं पाणी भातात शिरलं,
परबांची विहीर मचूळ झाली,
ग्रामसभेत मीच उठून बोलले, बांध सिमेंटचा हवा.
बोलता बोलता बीळ आठवलं.
वाक्य पुरं केलं आणि खाली बसले.

पोकलेन शिमग्याच्या आधी आला.
चालवणारा पोरगा बेळगावकडचा, मिसरूड नुकतं फुटलेलं.
त्याला म्हटलं, उजवीकडून सुरू कर बाबा.
त्याने का विचारलं नाही. दोन दिवस उजवीकडे खणलं.
मॅडमच्या पत्राला उत्तर आलं, कळविण्यात येईल.
तिसऱ्या दिवशी डावी बाजू आली.

चिप्पीची मुळं हवेत, ओली, कुणी केस धरून ओढल्यासारखी.
मी बिळात खांद्यापर्यंत हात घातला.
कोणी नव्हतं.
आत सुकं गवत होतं, नीट अंथरलेलं.

चैत्र शून्य. वैशाख शून्य.
पावसात फॉर्म भिजतो म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत शून्य.
मॅडम म्हणाल्या, शून्यसुद्धा माहिती असते, ताई.
असेल.
शून्य लिहायला वेळ लागत नाही, हजेरी तेवढीच मिळते.
खाचरात भात मात्र यंदा हिरवं आहे.
तेही खोटं कसं म्हणू.

नारळी पुनवेनंतरचा पहिला बुधवार.
ठिकाण नंबर सात.
ठेकेदाराच्या माणसाने ओल्या सिमेंटात साल कोरलंय,
त्या आकड्यांवर,
काळी, चकचकीत. माशासुद्धा अजून पोचल्या नव्हत्या.
गुडघ्यांवर बसले. वास घेतला. काडीने फोडली.
खवलं. कुर्ली.
आणि हिरव्या नायलॉनचा दोरा, पेराएवढा, गाठीसकट.
माझी गाठ डावरी असते. लगेच ओळखू आली.

पेन धरून किती वेळ उभी होते कोण जाणे,
भरती घोट्याला लागली.
शेऱ्यात लिहिलं: एक तरी आहे.
दोऱ्याचं लिहिलं नाही.
पुढच्या बुधवारी आणखी निघतो का बघते,
मग.